नाबोथाची हरकत

नगराचा विकास आराखडा हा अभियंत्यांचा आणि बांधकाम व्यावसायिकांचा विषय आहे, धर्मगुरूने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, असे मानणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्याशी आमचा मतभेद आहे. पुढील वीस वर्षे गरिबांनी कोठे राहावे, मुलांनी कोठे खेळावे, पावसाचे पाणी कोठून वाहावे आणि मेलेल्या माणसाला कोठे विसावा मिळावा, हे ज्या कागदावर ठरते, तो कागद केवळ तांत्रिक असू शकत नाही. तो न्यायाचा कागद आहे. आणि न्यायाच्या कागदावर ज्यांचे भवितव्य लिहिले जाते, त्यांना विचारल्यावाचून तो पुरा होत नाही.

कायदाही हेच सांगतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये नगरपरिषदेने वा महापालिकेने प्रथम आपल्या हद्दीतील जमिनीचा विद्यमान वापर नोंदवावयाचा असतो. त्यानंतर प्रारूप आराखडा तयार करून तो राजपत्रात सूचना देऊन प्रसिद्ध करावा लागतो, नागरिकांना पाहण्यासाठी खुला ठेवावा लागतो आणि हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्यासाठी आमच्यासारख्या शहरांना सर्वसाधारणपणे तीस दिवसांची मुदत मिळते. आलेल्या हरकती ऐकण्यासाठी नियोजन समिती असते. तीन सदस्य स्थायी समितीचे आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार, अशी तिची रचना. तिच्या अहवालानंतर आराखडा शासनाकडे जातो व तेथे त्याला मंजुरी मिळते. एकदा मंजूर झालेल्या आराखड्याची फेरतपासणी किमान वीस वर्षांतून एकदा व्हावी, एवढेच बंधन आहे. म्हणजे आराखडा लागू होण्याच्या दिवशी जन्मलेले मूल मतदार होईल, कदाचित नोकरीलाही लागेल, तोवर त्या नकाशातील रेषा त्याच्या जीवनावर सत्ता गाजवीत राहतील. वीस वर्षांच्या बंधनासाठी तीस दिवसांचे विचारणे! तेही मनापासून झाले तर आम्ही समाधान मानू. पण ते तसे होते काय?

अमरावती आणि अकोला या आपल्या दोन नगरांकडे पाहू. अमरावतीची महापालिका १९८३ ची, अकोल्याची २००१ ची. २०११ च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख आणि अकोल्याची सव्वाचार लाख होती. अकोल्याची हद्द २०१६ मध्ये वाढविण्यात आली आणि शिवणी, शिवर, मलकापूर, उमरी, खडकी अशी भोवतालची चोवीस गावे एका अधिसूचनेने शहर झाली. काल ज्या माणसाला पटवाऱ्याचे दप्तर तेवढे ठाऊक होते, त्याने आज क्षेत्र, आरक्षण, प्रस्तावित रस्ता, चटईक्षेत्र ही भाषा कोठे शिकावी? महापालिकेच्या भिंतीवर रंगीत नकाशा टांगला, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत सूचना छापली, की कायद्याचे पालन झाले असे समजले जाते. उमरीच्या शेतमजूर बाईने रोज बुडवून तेथवर यावे, नकाशातील चौकटी ओळखाव्या, आपले घर कोणत्या रंगाखाली गेले ते शोधावे, मुदतीत लेखी हरकत द्यावी. ती आली नाही, म्हणजे तिची हरकत नाही, असा निष्कर्ष! मौन म्हणजे संमती, हे तत्त्व प्रशासनाने कोठून उचलले कोण जाणे. आमच्या अनुभवात मौनाचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की कोणी विचारलेच नाही.

वऱ्हाडाच्या भूमीला या रेषांचे मोल अधिकच आहे. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा जातो. तेथे विहीर खोदली तरी गोड पाणी लागेलच असे नाही. अकोल्याची तहान महानच्या काटेपूर्णा धरणावर आणि अमरावतीची तहान ऊर्ध्व वर्धा धरणावर भागते. अशा मुलखात वडाळी आणि छत्री तलावांच्या पाणलोटात काय बांधू द्यावे, अंबा नाल्याच्या काठी किती जागा मोकळी ठेवावी, हे प्रश्न शोभेचे नव्हेत. आपली काळी माती पाणी मुरू देण्यात कंजूष आहे. नाला बुजविला, की पाणी घरात शिरते. २०२१ च्या जुलैत मोर्णेने अकोल्याच्या सखल वस्त्यांना ते दाखवून दिले. नदीचे पात्र कोठवर पसरते, हे काठावरच्या म्हाताऱ्याला नकाशावाचून ठाऊक असते. त्याला विचारण्याची तसदी तेवढी घ्यावी लागते.

याच मोर्णेची दुसरी एक आठवण आहे. २०१८ च्या जानेवारीत अकोल्याचे हजारो नागरिक नदी स्वच्छ करण्यासाठी पात्रात उतरले. त्या कार्याचे कौतुक पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात केले. ते योग्यच होते. परंतु आम्हाला एक विसंगती दिसते. नागरिक खराटा घेऊन आला, की तो आदर्श ठरतो. तोच नागरिक दुसऱ्या दिवशी, या नदीच्या काठावर बांधकामाला परवानगी देऊ नका, असा अर्ज घेऊन आला, की तो विकासाचा विरोधक ठरतो. त्याचे हात चालतात, त्याचे मत चालत नाही. ज्यांच्या खराट्याचा आपण वारसा सांगतो, ते गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. बाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारीत. उत्तर घेतल्यावाचून त्यांचे कीर्तन पुढे सरकत नसे. आमच्या राज्यकर्त्यांनी बाबांचा खराटा घेतला आणि प्रश्नोत्तर मात्र सोडून दिले.

हरकतींनी विकास रखडतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला मुंबईने उत्तर दिले आहे. २०१४ ते २०३४ या काळासाठीचा मुंबईचा प्रारूप आराखडा २०१५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. विद्यमान वापराच्या नोंदींतच इतक्या चुका निघाल्या, की लोकक्षोभापुढे शासनाला तो एप्रिलमध्ये फेरविचारासाठी परत घ्यावा लागला. सुधारित आराखडा अमलात आला तो २०१८ मध्ये. चार वर्षे गेली ती हरकतींमुळे नव्हे. मुळात वस्तीवस्तीत जाऊन नीट विचारले असते, तर ती वाचली असती. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या. आराखडा मुदतीत पुरा न झाल्याने २०१५ मध्ये शासनाने तो आपल्याकडे घेतला आणि २०१७ च्या जानेवारीत मंजूर केला. ऐंशी हजार माणसे हरकत घेतात, याचा अर्थ ऐंशी हजार माणसे विकासाचे शत्रू आहेत, असा कोणी लावील काय?

दुसरा आक्षेप असा, की सामान्य माणसाला नकाशा कळत नाही. ज्या शेतकऱ्याला आपल्या धुऱ्याची वीतभर सरकलेली माती कळते, त्याला नकाशा कळत नाही, असे म्हणणे हा उद्दामपणा आहे. गोव्यात २००६ च्या अखेरीस ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले आणि प्रादेशिक आराखडा २०११ शासनाला मागे घ्यावा लागला. त्यानंतरच्या आराखड्यासाठी गावोगावी नकाशे पाठवून ग्रामस्थांची मते मागविण्यात आली. ग्रामस्थांनी आपल्या खाजणी, झरे आणि टेकड्या त्या नकाशांवर अचूक दाखविल्या. त्या आराखड्याचे पुढे राजकारणात काय झाले, ती कथा वेगळी आहे. लोकांना नकाशा वाचता येतो, हे मात्र सिद्ध झाले.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हरकती बहुधा स्वार्थाच्या असतात, असे म्हणतात. आपल्या प्लॉटवरील आरक्षण उठावे, रस्ता शेजाऱ्याच्या अंगणातून जावा, एवढ्यासाठीच अर्ज होतात. यात तथ्य आहे, ते आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यावर उपाय सुनावणी आटोपती घेणे हा नव्हे. सुनावणी उघड्यावर घेणे, हा उपाय आहे. स्वार्थाला काळोख लागतो. प्रत्येक हरकत आणि तिच्यावरील निर्णय कारणांसह प्रभागात लावला, तर कोणाचे आरक्षण कशासाठी उठले, हे शेजाऱ्यालाही कळेल. आज हरकतदाराला दोन मिनिटे बोलू दिले जाते, मान हलविली जाते, आणि पुढे त्याच्या शब्दांचे काय झाले, हे त्याला कोणी सांगत नाही. उत्तर न देता ऐकणे हे ऐकणे नव्हे.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना येथे नाबोथ आठवेल. अहाब राजाला राजवाड्याला लागून असलेला नाबोथाचा द्राक्षमळा भाजीच्या बागेसाठी हवा होता. राजाने प्रथम रीतसर विचारले, बदली जागा किंवा मोबदला देऊ केला. नाबोथाने वाडवडिलांचे वतन देण्यास नकार दिला. ती त्याची हरकत होती. मग ईजबेल राणीने काय केले? तिने सैन्य धाडले नाही. तिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजमुद्रा उठविली, सभा बोलाविली, नियमाप्रमाणे दोन साक्षीदार उभे केले. सारे कसे पद्धतशीर झाले. कागद पुरे होते, शिक्का होता, सभा होती. न्याय तेवढा नव्हता. केवळ उपचार म्हणून घेतलेल्या प्रत्येक सुनावणीला हा इतिहास आरसा दाखवितो.

आता दोन शब्द आपल्या समाजाला. वऱ्हाडात आपण मूठभर आहोत. दफनभूमीच्या भिंतीवर रस्त्याची खूण झाली, की आपल्या सभा भरतात, निवेदने निघतात, शिष्टमंडळे जातात. ते करावेच. दफनभूमीची गरज केवळ आपली नाही. मुसलमान बांधवांची आहे, लिंगायतांची आहे, महानुभावांची आहे. परंतु शेजारच्या पारधी बेड्यावर बगिच्याचा हिरवा रंग फासला गेला, तेव्हा आपली सभा का भरली नाही? नझूलच्या जागेवर तीन पिढ्या राहिलेल्यांची, अनधिकृत ले-आऊटमध्ये आयुष्याची पुंजी घालून बसलेल्यांची हरकत कोणी लिहावी? कायदा हरकतीचा अधिकार केवळ जमीनमालकाला देत नाही. कोणतीही व्यक्ती लेखी हरकत देऊ शकते. बंगळूरच्या एका वसाहतीत बागेची जागा खासगी रुग्णालयाला देण्यात आली, तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले. त्यांना तो अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मान्य केले आणि बाग बागच राहिली. ज्याच्या नावावर गट क्रमांक नाही, त्याच्या वतीने गट क्रमांक असलेल्याने लिहावे, यालाच आम्ही शेजारधर्म म्हणतो.

वसईचे उदाहरण आपल्यासमोर आहेच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. फादर २०२४ मध्ये कालवश झाले. त्या लढ्यात सर्वच काही वाचले नाही. परंतु ख्रिस्ती आणि हिंदू, बागायतदार आणि मजूर एका मोर्चात चालले, हे वसईने दाखविले. तेथे हरकत ही एका कुंपणाची राहिली नव्हती.

२०२२ च्या मार्चमध्ये अमरावती आणि अकोला या दोन्ही महापालिकांच्या निर्वाचित सभागृहांची मुदत संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. नगरसेवकच नसतील, तर सुनावणीच्या मेजामागे लोकांच्या बाजूच्या त्या तीन खुर्च्यांवर कोणी बसावे? शहरी नियोजन महापालिकांकडे यावे आणि तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून सांगितले. नियोजन लोकांच्या जवळ नेण्याचा तो संकल्प होता. सभागृहच अनेक वर्षे रिकामे राहिले, तर त्या संकल्पाला अर्थ उरत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रारूप आराखडा आणि त्याचा अहवाल सोप्या मराठीत, प्रभागवार, शाळाशाळांतून लावावा. प्रत्येक प्रभागात सायंकाळी, मजूर घरी आल्यावर, सभा घेऊन तो समजावून सांगावा. प्रत्येक हरकतीला लेखी आणि सकारण उत्तर द्यावे. मंजुरीनंतर एकेका आरक्षणात जे फेरबदल केले जातात, त्यांची सूचना त्या जागेवर फलक उभारून द्यावी.

आणि वाचकहो, आपले काम शासनाच्या सुधारणेपर्यंत थांबवू नये. आराखडा प्रसिद्ध होताच चार शहाण्या माणसांनी जाऊन तो पाहावा, संबंधित भागाची प्रत विकत घ्यावी. जागेचा सर्व्हे वा गट क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक, जागेवर आज प्रत्यक्ष काय आहे, कोणता बदल हवा आणि का, एवढे एका पानावर लिहावे. पोच घ्यावी. सुनावणीला एकट्याने जाऊ नये. पुढे नियोजन समितीचा अहवाल माहितीच्या अधिकाराखाली मागावा आणि आपल्या हरकतीपुढे काय लिहिले आहे, ते वाचावे. आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालकाच्या नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत पाऊल न उचलल्यास ते आरक्षण गळून पडते, हेही ध्यानात ठेवावे. अशा रीतीने कित्येक मैदाने कोणी न बळकाविताच नाहीशी होतात. त्यांच्यावर लक्ष ठेवणारा कोणी नसतो, एवढेच.

नाबोथ एकटा होता. सभेत बसलेल्या वडीलधाऱ्यांना सत्य ठाऊक होते आणि ते गप्प राहिले. त्यांची नावे शास्त्राने नोंदविलेली नाहीत. आपल्या नगरात उद्या अशी सभा भरेल, तेव्हा त्या अनामिकांच्या रांगेत बसावयाचे की उठून बोलावयाचे, हे आपल्यालाच ठरवावे लागेल, आणि त्यासाठी आपल्याला मिळणार आहेत केवळ तीस दिवस.