आधी तुमीच बसा ना भाऊ!

‘होडी? वाशीमला?’

दिवाळीच्या सुट्टीत काय केलंस, या प्रश्नाचं मी खरंखुरं उत्तर दिलं, तेव्हा पुण्यातल्या आमच्या ग्रुपची हीच रिअॅक्शन होती. मग सगळ्यांचं फिस्सकन हसणं. त्यांचाही दोष नाही म्हणा, वाशीमपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण बॉस, आमच्याकडे धरणं आहेत! एकबुर्जीचं पाणी तर अख्खं वाशीम शहर पितं. शिवाय अडाण आहे, सोनल आहे. आणि धरण आलं की मासे आले, मासे आले की माझे मामा आले.

मामांचं घर पिढीजात भोयांचं. धरण मच्छीमार सोसायटीकडे ठेक्याने असतं, सोसायटी त्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडते आणि मेंबर जाळी टाकतात. माझा मामेभाऊ हे सगळं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून करायचा. गेल्या पावसाळ्यात वारा सुटला आणि तराफा उलटला. तो पोहत काठाला आला, जाळं तळाला गेलं. त्याच रात्री मामीने जाहीर केलं, होडी येईपर्यंत धरणावर पाऊल ठेवायचं नाही. नवी फायबरची होडी बजेटच्या बाहेर. म्हणून सेकंड हँड.

कारंज्याकडच्या एका शेतकऱ्याला होडी विकायची आहे, असं कळलं. बॅकवॉटरच्या पलीकडचं त्याचं शेत त्याने विकलं होतं, होडी तेवढी उरली होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दोन बाइक्सवर आम्ही तिघं निघालो. (समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, पण त्यावर टू-व्हीलरला एंट्री नाही. समृद्धी चार चाकांपासून सुरू होते!) मी आदल्या रात्री जागून नेटवरून चेकलिस्ट काढली होती. मास कॉमची डिग्री कुठेतरी कामाला यायला हवी ना.

होडी कडुलिंबाखाली उपडी ठेवलेली. निळीशार, चकचकीत. मी तर पाहताक्षणी फिदा. मामांनी जवळ जाऊन नुसता वास घेतला.

‘रंग तं आठ दिवसांचा बी नाई, भाऊ.’

शेतकरी हसला. मामांनी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि होडीभर ठोकत सुटले. खणखणीत आवाज आला तर फायबरचे थर एकमेकांना धरून आहेत, भदभद आला तर थर सुटलेत आणि मध्ये पोकळी आहे. हाच फंडा माझ्या चेकलिस्टमध्ये तिसऱ्या नंबरवर होता, पण मी गप्प बसले. मग आली मागची फळी, जिथे मोटर बसवतात ती. बाहेरून फायबर दिसतं, आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. एकदा पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजत राहतं आणि वरून काही कळत नाही. मामांनी अंगठा दाबला. फळी दबली. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

त्यानंतर होडी उताणी करून आत बादल्या-बादल्या पाणी ओतलं. बाहेरचं पाणी आत यायची वाट धरणात कशाला पाहायची? आतलं बाहेर येतं का, ते जमिनीवरच बघायचं. दहा मिनिटांनी मागच्या कोपऱ्यातून थेंब टपकायला लागला.

आता माझी टर्न. ‘कागद काय आहेत, काका?’

बाइक घेताना कसं, एमएच-३७ची आरसी बघितली, २९-३० नंबरचे फॉर्म भरले की आपण निवांत. इथे तसं काही नाही. अंतर्देशीय जलयानांचा १९१७चा जुना कायदा जाऊन २०२१मध्ये नवा आला. मोटर बसवलेल्या बोटीला नोंदणी आणि तपासणी हवीच, वल्ह्याच्या होडीचीही स्थानिक पातळीवर नोंद करण्याची सोय त्यात आहे. पण काकांनी ती स्वतःच दुसऱ्याकडून रोखीत घेतलेली. पावती शून्य. उद्या कुणी येऊन ‘ही माझी चोरलेली होडी’ म्हणाला तर?

‘कागद कायले पाह्यजे, पोरी? माणसाचा शब्द काई हाय का नाई?’ काका चांगलेच दुखावले. मला जाम ऑकवर्ड झालं.

मामा शांतपणे म्हणाले, ‘शब्द हाय ना. आधी तुमीच बसा ना भाऊ. एक चक्कर मारून या.’

काका थांबले. पाण्याकडे बघितलं, होडीकडे बघितलं. मग धोतर खोचून बसले. पंधरा मिनिटांनी परत आले तेव्हा होडीत पावलं भिजतील एवढं पाणी होतं. उतरता उतरता स्वतःच म्हणाले, ‘मागं थोडंसं काम हाय.’

४० हजारांवरून गाडी २८ हजारांवर आली. ५ हजार इसार दिला. बाकीचे फायबर मॅट आणि रेझिनचं काम होऊन होडी पुन्हा पाण्यात उतरवून पाहिल्यावर द्यायचे. मी वहीच्या कागदावर पावती लिहिली. होडीची लांबी, रंग, काकांनी ती कुणाकडून घेतली त्याचं नाव, दोन साक्षीदार आणि एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. आता काकांनी बिनतक्रार सही केली, वर चहा पाजला.

मामेभावाने मी पुण्याहून आणलेलं लाइफ जॅकेट तिथेच घालून बघितलं. ‘ताई, याच्यानं जाळं कसं फेकू?’ मी म्हटलं, मामीला विचार. विषय संपला.

पंधरा दिवसांनी दुरुस्त झालेली होडी त्यांनी पाण्यात तपासली, बाकी मोजली आणि ती टेम्पोत चढवली. तेवढ्यात काका म्हणाले, ‘वल्ही यात नाई बरं, ते वेगळे.’ अर्धा तास त्यावर घासाघीस चालली, मामेभाऊ मला फोनवर लाइव्ह कॉमेंट्री देत होता. शेवटी वल्ही मिळाली. बदल्यात पहिल्या जाळ्यातला सगळ्यात मोठा कटला, मामांनी स्वतः कारंज्याला नेऊन द्यायचा.