पट्ट्याचा तोतया

गेल्या दसऱ्याच्या मुहूर्तावर आमच्या काकांनीं नवी मोटार घेतली. तिच्यांत सहा एअरबॅग, गाडीच्या चारी बाजू पडद्यावर दाखविणारे कॅमेरे, आपोआप लागणारा ब्रेक आणि छताची उघडणारी कांच असें सर्व कांहीं आहे. शेजारीपाजारी गाडी पाहून गेले. प्रत्येकानें एअरबॅग किती तें विचारलें, आणि "आतां काळजी नाहीं" असा अभिप्राय दिला. मुलांनीं छतांतून डोकीं बाहेर काढून फोटो घेतले. पट्ट्याविषयीं मात्र कोणीं चकार शब्द काढला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मी चालकाच्या आसनाशेजारीं पाहतों, तों पट्ट्याच्या कडींत नुसती एक लोखंडी जीभ अडकविलेली! पट्टा न लावतां गाडी चालविली म्हणजे जी घंटी वाजते, ती वाजूं नये म्हणून ही युक्ति. गाडीस वाटावें कीं पट्टा लावलेला आहे. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची हकीकत आपण इतिहासांत वाचतों. हा पट्ट्याचा तोतया त्याहून धीट म्हणावा लागेल. आणि तो आमच्याच घरीं आहे असेंही नाहीं. मे २०२३ मध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें इंटरनेटवर माल विकणाऱ्या पांच कंपन्यांस असल्या कड्यांची विक्री बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हां अशा १३,११८ जाहिराती काढून टाकण्यांत आल्या. ज्या देशांत घंटी बंद करण्याच्या साधनास इतकें गिऱ्हाईक आहे, तेथें केवळ नव्या साधनांनीं अपघात टळतील असें मानणें भोळेपणाचें होय.

छातीवरून तिरपा व कमरेवरून आडवा जाणारा हा पट्टा स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीचे अभियंते नील्स बोहलिन यांनीं १९५९ सालीं सिद्ध केला, आणि कंपनीनें त्याचें पेटंट इतर कारखानदारांस मोकळें ठेविलें. त्याचें काम समजण्यास नवव्या इयत्तेंतील न्यूटनचा पहिला नियम पुरेसा आहे. गाडी आदळून थांबते. आंतील मनुष्य मात्र पूर्वीच्याच वेगानें पुढें जात राहतो. त्याला आसनापाशीं धरून ठेवणारा काय तो पट्टा. एअरबॅग डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं फुगते, व पट्ट्यानें धरलेल्या मनुष्याचें डोकें तिच्यांत विसावावें अशी योजना आहे. पट्टा नसेल तर मनुष्य ती फुगत असतांनाच तिच्यावर जाऊन पडतो, आणि मग रक्षकच मारक होऊं शकतो. एअरबॅगच्या जागीं एस्. आर्. एस्. हीं अक्षरें असतात. त्यांतील पहिल्याचा अर्थ 'पूरक' असा आहे. पूरक कोणाला, तर पट्ट्याला!

सरकारनेंही १ जुलै २०१९ पासून चालकासाठीं एअरबॅगेची सक्ति केली ती एकटी नव्हे. तिच्याबरोबरच पट्ट्याची घंटी, ताशी ८० व १२० कि. मी. वेगाला वाजणारी सूचना आणि गाडी मागें घेतांना अडथळा सांगणारें यंत्र यांचीही सक्ति केली. घंटी त्रासदायक आहे हें खरें. ती त्रासासाठींच लावली आहे.

मागच्या आसनाची कथा तर विचारूंच नये. तेथें बसणारास पट्टा लागत नाहीं हा समज आपल्याकडे इतका दृढ आहे कीं पट्टा मागणारास भित्रा समजतात. ३ जून २०१४ रोजीं आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्याचे खासदार व केंद्रीय मंत्री गोपीनाथराव मुंडे यांचें दिल्लींत मोटार-अपघातांत निधन झालें. ते मागच्या आसनावर होते. मागचा पट्टा ही केवळ शोभेची वस्तु आहे या गैरसमजानें आपला मित्र गेला, असें त्या वेळचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनीं बोलून दाखविलें होतें. पुढें ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची मोटार आदळली. मोटार उंची होती. पुढें बसलेलीं दोघें वांचलीं, मागचे दोघे गेले. त्या दोघांनीं पट्टे लावले नव्हते असें पोलिसांनीं सांगितलें. मागें बसणारासही पट्टा कायद्यानें आवश्यक असून न लावल्यास १००० रुपये दंड आहे. तो भरलेला मनुष्य मला अद्याप भेटावयाचा आहे.

आतां आपोआप लागणाऱ्या ब्रेकाविषयीं. समोरच्या कांचेमागील कॅमेरा व पुढील बाजूचें रडार यांच्या साह्यानें गाडी पुढचें वाहन ओळखते, आणि रस्त्यावरील पांढऱ्या रेषा पाहून आपली वाट धरते. ही योजना खरोखर कौतुकास्पद आहे. तिची टवाळी करणारांपैकीं मी नव्हें. परंतु तिला पाहण्याजोगें कांहीं समोर हवें. सोलापूर, तुळजापूर, धाराशिव, येडशी हा ५२ क्रमांकाचा महामार्ग चौपदरी झाला, तेथें रेषा आहेत. महामार्ग सोडून खेड्याकडे वळा, कीं रेषा संपल्या. कोजागिरीस सोलापुराहून तुळजापुरापर्यंत सुमारें ४५ कि. मी. पायीं येणारा समुदाय, हंगामांत बैलगाड्या, आणि दोन दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर यांचा हा मुलूख. ट्रॉलीच्या मागें दिवा नसतो. ती बिघडली म्हणजे भोंवतीं चार दगड मांडतात, आणि ट्रॉली निघून गेली तरी दगड तेथेंच राहतात.

मार्गशीर्षांत एका रात्रीं आम्ही नळदुर्गाहून परत येत होतों. अशीच उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेस अंधारांत उभी होती. काकांस ती अगदीं जवळ आल्यावर दिसली व त्यांनीं ब्रेक दाबला. यंत्राची सूचना मागाहून वाजली. थोडक्यांत निभावलें. परंतु मागें धाकट्या बहिणीस मांडीवर घेऊन बसलेली आजी पुढच्या आसनावर आदळली आणि तिच्या कपाळास टेंगूळ आलें. बहीण कशी सुटली तें आजीसच ठाऊक. तिनें तिला सोडलें नाहीं एवढें खरें. वेग आणखी असता तर कोणाच्याही हातांनीं मूल आवरलें नसतें.

घरीं आल्यावर मीं गाडीबरोबर आलेली पुस्तिका उघडली. तोंवर तिचें वेष्टणही निघालें नव्हतें. उभें वाहन, अंधार, धुकें, वेडावांकडा माल भरलेली गाडी, जनावरें यांपुढें यंत्राचा भरंवसा धरूं नये असें तींत स्पष्ट छापलेलें आहे. विकणारांनीं काकांस छताची कांच कशी उघडावी तें दोनदां दाखविलें होतें. ट्रॉलीच्या पाठीस प्रकाशांत चमकणारी तांबडी पट्टी चिकटविली असती तर ती काकांच्या डोळ्यांस दुरूनच दिसली असती. माझ्या मतें गळिताच्या हंगामापूर्वीं अशी पट्टी नसलेली ट्रॉली रस्त्यावर येऊंच देऊं नये. तिचा उपयोग मोटारवाल्यास होईल, तसा मागून सायकलीवर येणाऱ्या शेतकऱ्यासही. मोटारींतील सहा एअरबॅगांपैकीं एकही त्याच्यासाठीं नाहीं.

नाताळच्या सुट्टींत आम्ही मागचे पट्टे शोधूं लागलों. पट्टे होते, पण कड्या दिसेनात. गाडी घेतली त्याच आठवड्यांत काकांनीं हौसेनें शिवून घेतलेल्या मखमली कव्हराखालीं त्या गाडल्या गेल्या होत्या. कात्री मीं चालविली. काकांच्या चेहऱ्याकडे पाहवेना. तीन चिरा पडल्या आणि तीन कड्या वर आल्या. पट्टा गळ्याशीं येतो अशी आजीनें तक्रार केली, तेव्हां तो खांद्यावरून नीट घेऊन दिला. धाकटीसाठीं लहान मुलांचें वेगळें आसन आणावयाचें ठरलें आहे. तोतया माझ्या कंपासपेटींत पडून आहे. काकांनीं तो अद्याप परत मागितलेला नाहीं.