बत्तीस कुठून आले?

तिसरीतल्या मुलांना ४१ वजा १३ असे गणित घातले, तर काही जण ठामपणे ३२ लिहितात. तपासणारा फुली मारतो आणि पुढच्या गणिताकडे वळतो. पण मुलाने ते उत्तर अंदाजाने ठोकलेले नसते. एकातून तीन जाईनात, म्हणून त्याने तीनातून एक घालवला. मग चारातून एक. मोठ्यातून लहान वजा करायचे, हा त्याला शिकवलेला नियम त्याने पाळला. ४१ मधला चार म्हणजे चार दशक आणि त्यातला एक दशक मोडून त्याचे दहा एकक करता येतात, एवढेच त्याच्यापर्यंत पोचलेले नाही.

हातच्याच्या वजाबाकीत अडणारी मुले थोडीथोडकी नाहीत. ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन, एकेका मुलासमोर बसून केली जाते. २०२४ मध्ये तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांना अशी वजाबाकी आली. २०२२ मध्ये हे प्रमाण २५.९ टक्के होते. २०२४ मध्येच पाचवीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे ३०.७ टक्क्यांना जमले. सुधारणा आहे, हे मान्य करायला हवे. मात्र तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत संख्याज्ञान देण्याचे केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेचे उद्दिष्ट २०२६-२७ चे आहे.

मराठी मुलाच्या वाट्याला आणखी एक अडथळा येतो. त्रेपन्नमध्ये तीन आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र पाच आधी. एकोणचाळीसमध्ये चाळीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात ३९. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ असे वाचन दिले, तेव्हा त्याची यथेच्छ टिंगल झाली. वाद विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर कारणे सांगत राहिल्या. ऐकून घेण्याची फुरसत फार थोड्यांना होती.

नुसत्या गुणांवरून यातले काहीच कळत नाही. दहापैकी चार मिळवणाऱ्या दोघांपैकी एकाला दशकच कळलेला नसेल, तर दुसरा फक्त घाईत असेल. पहिल्याला काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे हवेत, सोडायला आणि पुन्हा बांधायला; दुसऱ्याला ते नकोत. हे ओळखायचे तर शिक्षकाने मुलाशेजारी बसून ‘कसे केलेस, सांग’ असे विचारायला हवे. त्याला पाच मिनिटे लागतात. माहिती भरण्याच्या कामांतून तेवढी पाच मिनिटे शिक्षण खात्याने शिक्षकाला मोकळी करून द्यावीत.