शेवटच्या पानावरची जाहिरात



दिवाळीचा फराळ आता संपत आला असेल. चिवड्याच्या डब्यात तळाचा मसाला आणि कोणीच न खाल्लेले खोबऱ्याचे दोन काप उरले असतील. एरवी या अंकात मी गणेशोत्सवाचा जमाखर्च आणि आभारांची यादी मांडते. यंदा ते खजिनदारांवर सोपवून वेगळा विषय काढते.

गेली तीन वर्षं मी कॅलिफोर्नियातल्या आमच्या शहराच्या ह्यूमन रिलेशन्स कमिशनवर आहे. हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे एचआर का?" आणि दुसरा, "देतात किती?" पहिल्याचं उत्तर 'नाही', दुसऱ्याचं 'शून्य'. नेमणूक सिटी कौन्सिल करतं, महिन्यातून एक संध्याकाळ बैठक असते. भाड्याच्या घरावरून, शाळेतल्या चिडवण्यावरून, कुंपणावरून, भिंतीवर रात्रीत कोणी रंगवलेल्या शिवीवरून शहरातली माणसं एकमेकांपासून तुटतात, तिथे आमचं काम. आम्हाला निकाल देता येत नाही. आम्ही ऐकतो, समेट होतो का पाहतो, कौन्सिलला शिफारस करतो आणि कायद्याची तक्रार असेल तर राज्याच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे पाठवतो. महाराष्ट्रात 2007 साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा गावोगाव समित्या बसल्या होत्या. त्यांच्या आणि आमच्या कामात फार अंतर नाही.

असली कमिशनं मुळात दंगलींतून जन्मली. 1943 च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर खलाशी आणि सैनिक मेक्सिकन वंशाच्या तरुणांना गाठून, त्यांचे ढगळ सूट अंगावरून ओरबाडून मारत होते. त्याच महिन्यात डेट्रॉइटच्या दंगलीत 34 माणसं मेली. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिस काउंटीने सलोख्यासाठी एक समिती नेमली, आणि तिचंच पुढे ह्यूमन रिलेशन्स कमिशन झालं. दंगल पेटल्यावर पोलीस येतात. ती पेटू नये म्हणून आधी कोणी यायचं, याचं शहरांना सापडलेलं हे एक उत्तर.

मी अर्ज केला तो जरा तोऱ्यातच. बावीस वर्षं मनुष्यबळ विभागात तक्रारी ऐकल्या होत्या. मला कोण काय शिकवणार? पहिल्याच वर्षी उत्तर मिळालं. प्रसंग तपशील बदलून सांगते. एका अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावरचं कुटुंब सुकी मासळी तळायचं, खालच्या बाईंना दमा होता. प्रकरण 'तुमच्या देशात परत जा'पर्यंत पोहोचलं होतं. मी माझ्या सवयीने विचारायला लागले, आधी लेखी कळवलं होतं का, तारीख काय, साक्षीदार कोण. माझ्या शेजारी एक निवृत्त बसचालक बसतात. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही मासे तळता कधी?" रविवारी सकाळी. "आणि तुम्ही खिडकी कधी उघडता?" सकाळीच. सहा महिने भांडण चाललं होतं, पण वेळ कोणी विचारलीच नव्हती. मासे दुपारवर गेले. त्या बाई 'परत जा'बद्दल माफी मागायला तयार व्हायला मात्र आणखी दोन बैठका लागल्या.

कंपनीत असताना प्रत्येक तक्रारीच्या शेवटी माझ्या डोक्यात एकच प्रश्न असायचा, यात कंपनी अडचणीत येईल का? इथे राखायला कंपनीच नाही. इथला प्रश्न असा, की उद्या सकाळी जिन्यात हे दोघं समोरासमोर येणारच आहेत, तेव्हा काय? माझ्या अनुभवातलं निम्मं इथे कामी आलं, निम्मं विसरावं लागलं. बसचालकांना काहीच विसरावं लागलं नाही. तीस वर्षं त्यांनी अख्खं शहर एका गाडीत नांदवलं होतं.

आपल्या मंडळींना सर्वांत जड जाईल तो नियम मात्र वेगळा आहे. कॅलिफोर्नियाच्या 1953 च्या ब्राउन कायद्यानुसार बैठकीची विषयपत्रिका 72 तास आधी लावावी लागते, आणि बहुसंख्य सदस्यांनी कामाची चर्चा बैठकीबाहेर करायची नाही, फोनवर नाही की व्हॉट्सॲपवरही नाही. हा नियम आपल्या कार्यकारिणीला लावला तर मोदकांची ऑर्डरसुद्धा जायची नाही!

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी आम्हाला घरभाड्याच्या कायद्याचं प्रशिक्षण दिलं. 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंश, धर्म, मूळ देश असल्या कारणांवरून घर नाकारता येत नाही, हे मला ठाऊक होतं. पण अमक्यांना पसंती आहे असं सुचवणारी जाहिरात करणं, आणि ती छापणंही, त्याच कायद्यात बसत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. शिकवणाऱ्या बाई नमुन्याच्या जाहिराती पडद्यावर दाखवत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे आपल्या वार्तापत्राचं शेवटचं पान येत होतं. 'दोन बेडरूम, हवेशीर, बार्ट स्टेशनजवळ, महाराष्ट्रीय कुटुंबाला प्राधान्य.' मालकांनी 'फक्त महाराष्ट्रीय कुटुंबाला' असं लिहून पाठवलं होतं. सौम्य वाटावं म्हणून मीच 'फक्त' खोडून 'प्राधान्य' केलं होतं. कायद्यात नेमका 'प्राधान्य' हाच शब्द आहे.

त्या रात्री घराच्या खरेदीचे कागद काढले. त्या जाड गठ्ठ्यात या वस्तीचा जुना दस्त आहे. गोऱ्यांखेरीज कोणी इथे राहू नये, नोकर म्हणून चालेल, अशा अर्थाचं कलम त्यात आहे. अशी कलमं अंमलात आणता येणार नाहीत, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1948 साली ठरवलं, आणि आता त्या दस्तावर 'हे कलम रद्द समजावं' असा शिक्का असतो. घर घेताना तो वाचून आम्ही हसलो होतो. लिहिणारे गेले, आम्ही राहतोय, असं म्हणून पेढेही वाटले होते. यावेळी हसू आलं नाही. तो दस्तही कोणीतरी चांगल्या मनाने, 'आपली माणसं शेजारी असावीत' म्हणूनच लिहिला असणार.

या अंकापासून आपल्या छोट्या जाहिरातींत तसा मजकूर येणार नाही. ती जागा पुन्हा भाड्याने निघाली आहे, शेवटच्या पानावर पाहा. मालकांना आधी राग आला, मग त्यांनी कायदा वाचला, आणि मग 'हवेशीर'च्या पुढे 'गॅलरीतून डोंगर दिसतो' अशी भर घातली.

तर माझी विनंती. सिटी हॉलमध्ये आपण जातो ते परवानगी मागायला, ढोल-ताशासाठी, पार्किंगसाठी, हॉलसाठी. एकदा टेबलाच्या पलीकडेही बसून पाहा. आपल्यात परिचारिका आहेत, शिक्षक आहेत, हिशोबनीस आहेत, दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधली चूक न दुखावता सांगणारे टेस्टर आहेत. मराठी माणसांचा वकील म्हणून मात्र जाऊ नका, शहराचा रहिवासी म्हणून जा. राज्याच्या कायद्याप्रमाणे, पुढच्या वर्षी कोणत्या समित्यांवरच्या जागा रिकाम्या होणार याची यादी प्रत्येक शहराला आणि काउंटीला 31 डिसेंबरपर्यंत जाहीर करावी लागते. नागरिकत्व नाही म्हणून मागे राहू नका. 2019 च्या कायद्याने कॅलिफोर्नियात नेमणुकीच्या पदांसाठी ती अट काढली आहे, वय 18 आणि राज्यात वास्तव्य पुरतं. तुमच्या शहराच्या आणखी अटी असतील तर त्या अर्जावर वाचा.

अर्जात काय लिहावं हे विचारायला मला खुशाल फोन करा. पहिल्या गुरुवारी तेवढा नको, त्या संध्याकाळी मी फोन बंद करून बसलेली असते.

आपली,
संपादक