डोळ्यांची अँजिओग्राफी : घाबरू नका, पण विचारा

रायपूरच्या तात्यापारा भागात माझी आत्या राहते. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या शहरात मराठी कुटुंबे येत राहिली. आत्याच्या घरी अजून बोलणे मराठीत चालते. मात्र दाराबाहेर पाऊल टाकले की हिंदी आणि छत्तीसगढी. आत्याला मधुमेह होऊन सोळा वर्षे झाली. गोळ्या वेळेवर, सकाळचे चालणे नेमाने, साखर कधी काबूत तर कधी बेकाबू. एक दिवस तिच्या लक्षात आले की, उजव्या डोळ्याने पाहिले की दाराची चौकट मधेच वाकलेली दिसते. नेत्रतज्ज्ञांनी डोळे तपासले आणि पडद्याची अँजिओग्राफी करून घ्यायला सांगितले.

आत्याने साफ नकार दिला. “मला तर सगळं बरोबर दिसून राहिलं आहे. चष्म्याचा नंबर बदलला असेल,” असे म्हणून तिने चिठ्ठी देवघरातल्या डब्यात ठेवून दिली. एकदा नव्हे, तब्बल आठ महिने!

या नकाराला एक कारण होते. गल्लीतल्या एका काकूंनी हीच तपासणी एका दवाखान्यात करून घेतली होती. संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा हळदीसारखा पिवळा झाला होता, लघवीही गडद नारिंगी होत होती. घरच्यांना वाटले, कावीळ झाली. रात्रीच कावीळ झाडणाऱ्याकडे धावाधाव झाली. दुसऱ्या दिवशी पिवळेपणा आपोआप गेला, पण गल्लीत बोलबाला झाला तो असा की, ‘त्या इंजेक्शनाने कावीळ होते.’ इंजेक्शन देणाऱ्यांनी त्या काकूंना दोन वाक्ये सांगितली असती, तर त्यांची रात्र सुखात गेली असती आणि माझ्या आत्याचे आठ महिनेही वाया गेले नसते.

हे पिवळे औषध आहे तरी काय?

त्याचे नाव फ्लुरोसीन. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ फॉन बायर यांनी ते १८७१ साली प्रथम तयार केले. निळा प्रकाश पडला की हा रंग हिरवट-पिवळा चमकू लागतो आणि अगदी थोडा असला तरी डोळ्यांना दिसतो. १८७७ साली जर्मनीत डॅन्यूब नदीचे जमिनीत मुरणारे पाणी कुठे जाते हे शोधण्यासाठी तिच्यात या रंगाचे दहा किलो क्षार ओतले. सुमारे अडीच दिवसांनी कित्येक किलोमीटर दूरचा एक झरा हिरवा झाला आणि पाण्याची गुप्त वाट सापडली.

डोळ्यांचे डॉक्टर नेमके हेच करतात. फरक इतकाच की येथे नदी रक्ताची आणि वाट केसाहूनही बारीक. १९६१ साली अमेरिकेतील नोव्होट्नी आणि अल्व्हिस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी माणसाच्या डोळ्यातील अशा छायाचित्रांची पद्धत प्रसिद्ध केली. पहिले इंजेक्शन कोणी घ्यायचे हे त्यांनी नाणे उडवून ठरवले. पाळी आली अल्व्हिसवर! पुढे ही तपासणी जगभर रूढ झाली.

हृदयाची अँजिओग्राफी वेगळी

‘अँजिओग्राफी’ हा शब्द ऐकला की मांडीतून किंवा मनगटातून हृदयापर्यंत सरकवलेली नळी डोळ्यांपुढे येते. डोळ्यांच्या तपासणीत असे काहीही नसते. क्ष-किरण नाहीत, नळी नाही, भूल नाही आणि डोळ्यात सुईही नाही. हाताच्या शिरेतून साधारण ३ ते ५ मिलिलिटर औषध देतात, इतकेच. हृदयाच्या तपासणीत आयोडीनयुक्त औषध वापरतात. फ्लुरोसीनमध्ये आयोडीन नसते.

आधी डोळ्यांत थेंब टाकून बाहुल्या मोठ्या करतात. त्याला अर्धा तास लागू शकतो. मग हनुवटी यंत्रावर टेकवून बसायचे. औषध शिरेत गेल्यापासून साधारण १० ते १५ सेकंदांत डोळ्याच्या पडद्यावर पोचते. त्या क्षणापासून निळ्या प्रकाशाचे झोत पडतात आणि भराभर छायाचित्रे निघतात. नंतरची काही छायाचित्रे थांबून थांबून घेतात. पंधरा-वीस मिनिटांत सारे आटोपते.

या चित्रांत डॉक्टरांना काय दिसते? निरोगी रक्तवाहिनीतून रंग बाहेर झिरपत नाही. मधुमेहाने भिंत कमजोर झाली असेल, तर तेथे रंग पाझरून डाग पसरतो. जेथे रक्त पोचतच नाही, तो भाग काळा राहतो. आणि जेथे नको असलेल्या नाजूक, नव्या रक्तवाहिन्या फुटल्या आहेत, तेथे रंग भसकन बाहेर पडतो. लेसर कुठे मारायचा, डोळ्यात औषधाचे इंजेक्शन द्यायचे का, हे ठरवायला हा नकाशा मोलाचा ठरतो.

त्रास होतो का?

बहुतेकांना होत नाही. काही जणांना इंजेक्शननंतर अर्ध्या-एक मिनिटात मळमळते, क्वचित उलटी होते. दीर्घ श्वास घेत राहिल्यास ही लाट काही मिनिटांत ओसरते. थोड्या जणांना खाज सुटते किंवा अंगावर पित्त उठते. औषध शिरेबाहेर गेले तर हात चांगलाच झोंबतो. अशा वेळी दुखणे सोसत गप्प न बसता लगेच सांगावे.

गंभीर त्रास, म्हणजे दम लागणे, रक्तदाब एकदम उतरणे, हा दुर्मिळ आहे. पण तो होऊ शकतो. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोन लाखांहून अधिक तपासण्यांचा हिशेब मांडला होता. त्यात गंभीर त्रास साधारण १९०० तपासण्यांमागे एकदा झाला आणि मृत्यू एक नोंदला गेला. म्हणजे घाबरून तपासणी टाळावी असे काही नाही, पण ‘साधे इंजेक्शनच तर आहे’ म्हणून निष्काळजी राहावे असेही नाही. बऱ्याच ठिकाणी आधी कातडीत थोडेसे औषध टोचून पाहतात. ती चाचणी ठीक आली म्हणजे धोका संपला, असे मात्र समजू नये.

म्हणूनच डॉक्टरांनी विचारले नाही, तरी या गोष्टी आपण होऊन सांगा :

दमा आहे का, पूर्वी कोणत्या औषधाने पित्त उठले होते का, आधीच्या अँजिओग्राफीत त्रास झाला होता का; हृदयाचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे का; मूत्रपिंडाचा आजार आहे का, डायलिसिस चालू आहे का. गर्भवती असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर तेही सांगा. हे औषध दुधात उतरते.

आणि हे विचारायला लाजू नका : “काही झाले तर अ‍ॅड्रिनॅलिन, प्राणवायू इथे हाताशी आहे ना? डॉक्टर खोलीजवळ असतील ना?” चांगल्या दवाखान्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

कधी कधी डोळ्याच्या आणखी आतल्या थरासाठी इंडोसायनिन ग्रीन नावाचा दुसरा, हिरवा रंग वापरतात. त्यात आयोडीन असते, म्हणून आयोडीनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आधी सांगावे. अलीकडे इंजेक्शनाशिवाय प्रकाशलहरींनी रक्तवाहिन्या दाखवणारे ओसीटी अँजिओग्राफीचे यंत्रही आले आहे. त्यात रक्तवाहिन्यांची जाळी सुरेख दिसते, पण गळती दिसत नाही. त्यामुळे रंगाची तपासणी अजून मोडीत निघालेली नाही. आपल्याला कोणती लागेल, हे डॉक्टरांनाच विचारावे.

घरून निघताना आणि घरी आल्यावर

पोटभर जेवून जाऊ नका, हलका नाश्ता पुरे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्या दिवशी काय करायचे ते आधी विचारून घ्या. सोबत कोणाला तरी न्या, काळा चष्मा न्या. बाहुल्या मोठ्या असल्यामुळे काही तास स्पष्ट दिसत नाही, म्हणून स्कूटर चालवत परतू नका. तपासणीनंतर अर्धा तास तेथेच बसा.

कातडी काही तास पिवळी दिसेल, लघवी एक-दीड दिवस पिवळी-नारिंगी होईल. ही कावीळ नव्हे. शरीर औषध बाहेर टाकत आहे. पाणी भरपूर प्या. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर तेच पाळा. रक्त-लघवीची दुसरी तपासणी करायची असल्यास तीन-चार दिवस थांबा, कारण रंगामुळे निकाल चुकू शकतो.

शेवटी आत्याला घेऊन मीच गेले. इंजेक्शन देण्यापूर्वी तेथील डॉक्टर म्हणाले, “माताजी, शाम को आईना देखकर डरना मत, हल्दी लगी दुल्हन जैसी दिखोगी।” आत्या खळखळून हसली आणि हात पुढे केला. थोडे मळमळले, गेले. चित्रांत उजव्या डोळ्याच्या मध्यभागी गळती बरीच पसरली होती. त्या डोळ्याने आता बारीक अक्षर वाचता येत नाही; गेलेल्या आठ महिन्यांची ती किंमत. पण डाव्या डोळ्यातही नव्या रक्तवाहिन्या फुटू लागल्या होत्या आणि त्याची तिला सुतराम कल्पना नव्हती. तेथे वेळेवर लेसर झाला. त्याच डोळ्याने ती आज पोथी वाचते, तांदूळ निवडते.

घरात कोणाला मधुमेह असेल, तर दिसण्यात काही तक्रार नसली तरी वर्षातून एकदा बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. अँजिओग्राफी प्रत्येकाला लागत नाही. पण लागली, तर ती चिठ्ठी देवघरातल्या डब्यात ठेवू नका.

त्या संध्याकाळी आत्या मुद्दाम शेजारच्या काकूंकडे गेली, आपला पिवळा चेहरा दाखवायला. “बघा, मलाही झाली तुमची कावीळ!” असे म्हणून दोघी चहा पीत बसल्या.