उत्तरकथेचे ऋण

कथा संपली तरी 'पुढे काय झाले?' हा प्रश्न श्रोत्याच्या मनात उरतो आणि त्या प्रश्नातून उत्तरकथा जन्माला येते. भारतीय परंपरेला हा प्रकार नवा नाही. महाभारताचे खिल म्हणून जोडला गेलेला हरिवंश किंवा रामायणाचे उत्तरकांड ही त्याची ठळक उदाहरणे होत. उत्तरकांड हा मूळ रचनेतील उत्तरकालीन भाग असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तरीही सीतात्यागाच्या त्या कथेशी भारतीय कवी आणि श्रोते आजतागायत झगडत आले आहेत. आवडलेली कथा पुढे जावी ही इच्छा आणि पुढे गेल्याने ती बिघडेल ही धास्ती, या दोन्ही भावना श्रोत्याच्या मनात एकाच वेळी नांदतात. ज्या माध्यमाकडे मराठी समीक्षेने आजवर फारसे लक्ष दिलेले नाही, त्या व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात सध्या याच भावनांचा प्रत्यय येत आहे.

'राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक' हा खेळ पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने निर्माण केला. ही संस्था २०१७ मध्ये अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी उभी केली. लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा तिचा प्रारंभीचा प्रयत्न फसला. तरी खेळ पूर्ण झाला आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये तो प्रथम निन्टेन्डोच्या यंत्रावर व ऑक्टोबरमध्ये अन्य यंत्रांवर प्रसिद्ध झाला. 'द गेम अवॉर्ड्स' या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणातील खेळांच्या त्या वर्षीच्या नामांकनांत त्याचा समावेश होता. कथा साधी आहे. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी आणि गोलू हा बाहुल्यांचे खेळ करणारा तिचा धाकटा भाऊ. असुर गोलूला पळवून नेतात. दुर्गेच्या कृपेने राजीला त्रिशूळ लाभतो आणि महाबलासुराच्या मागावर तिचा प्रवास सुरू होतो. दुर्गा आणि विष्णू हे या प्रवासाचे निवेदक आहेत. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये याच संस्थेने 'राजी : कलियुग' या नावाने उत्तरभागाची घोषणा केली आणि पहिल्या भागाच्या चाहत्यांच्या आशा-आशंकांना तोंड फुटले.

या आशा-आशंकांचे स्वरूप तपासण्यासारखे आहे. पहिल्या भागाविषयीच्या मुख्य तक्रारी तीन होत्या. लढाईतील हालचाली काहीशा अडखळत, खेळ काही तासांतच आटोपत असे आणि शेवट अकस्मात येऊन कथा अर्धवट सोडल्यासारखी वाटे. साहजिकच उत्तरभाग अधिक सफाईदार, अधिक दीर्घ आणि कथेचे सुटलेले धागे जुळवणारा असावा, ही पहिली अपेक्षा होय. ती रास्त आहे. पण तिच्या पाठोपाठ येणारी भीती अधिक अर्थपूर्ण आहे. मोठे होण्याच्या नादात हा खेळ परदेशी खेळांची एक सफाईदार प्रतिकृती तर होणार नाही ना, अशी ती भीती होय.

या भीतीला अलीकडचा एक संदर्भ आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये चीनमधील 'ब्लॅक मिथ : वुकाँग' हा खेळ प्रसिद्ध झाला आणि जगभर कमालीचा गाजला. सोळाव्या शतकातील 'पश्चिमेची यात्रा' या चिनी कादंबरीतील वानरवीराच्या कथेवर तो आधारलेला आहे. लक्षणीय बाब अशी की, तो मूळ कथा पुन्हा सांगत नाही. कादंबरी संपल्यानंतरच्या काळात तो घडतो. म्हणजे तोही एका अभिजात कृतीची उत्तरकथाच आहे. पुराणकथेवरील खेळाने काय साधावे, याचे माप या खेळाने बदलून टाकले. हान्स रॉबर्ट याउस या जर्मन अभ्यासकाने वाचकाच्या 'अपेक्षाक्षितिजा'ची संकल्पना मांडली, ती येथे उपयुक्त ठरते. २०२० मध्ये पुण्याच्या एका लहान चमूचा खेळ ज्या क्षितिजावर उगवला, ते क्षितिज उत्तरभागाच्या वेळी राहिलेले नाही. तेव्हा जे 'भारतातून असे काही होऊ शकते' या कौतुकाने पाहिले गेले, ते आता तुलनेच्या कठोर प्रकाशात पाहिले जाणार आहे.

तथापि, ही तुलना आकाराच्या आणि खर्चाच्या पातळीवर करणे म्हणजे प्रश्नच चुकीचा मांडणे होय. पहिला भाग रसिकांच्या मनात राहिला तो त्यातील लढायांमुळे नव्हे. तो राहिला त्याच्या कथनपद्धतीमुळे. राजी चालता चालता भिंतींवरील चित्रांपाशी थांबते आणि देवतांच्या कथा ऐकते. कथेतील महत्त्वाचे प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात उलगडतात. दृश्यांवर पहाडी चित्रशैलीची आणि राजस्थानी वास्तूंची छाया आहे. चालणाऱ्याने थांबावे, भिंतीने बोलावे आणि एका कथेच्या पोटातून दुसरी निघावी, ही रीत संगणकाने शोधलेली नाही. छत्रपती संभाजीनगरपासून तीसेक किलोमीटरवर वेरूळ आहे. तेथील आठव्या शतकातील कैलास लेण्यात दक्षिण भिंतीवर रामायणाचे आणि उत्तर भिंतीवर महाभारताचे प्रसंग ओळीने कोरलेले आहेत. प्रदक्षिणा करणाऱ्याच्या पावलांबरोबर ती कथा पुढे सरकते. तो थांबला तर कथाही थांबते. प्रेक्षकाच्या हालचालीवर कथनाची गती अवलंबून असणे, हे व्हिडिओ गेमचे म्हणून सांगितले जाणारे वैशिष्ट्य या डोंगरात बाराशे वर्षांपूर्वी सिद्ध झालेले आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी चित्रांची पोथी उलगडत आख्यान गातात, तेही याच कुळातले.

उत्तरकथेच्या संदर्भात या चित्रांना आणखी एक महत्त्व आहे. भवभूतीचे 'उत्तररामचरित' हे संस्कृतातील उत्तरकथेचे श्रेष्ठ उदाहरण. आपले पूर्वज पद्मपूरचे, असे सांगणाऱ्या या विदर्भीय कवीने 'महावीरचरिता'त रामाचा पराक्रम आधीच रंगवला होता. उत्तरकथेच्या पहिल्या अंकात त्याने काय केले? नवे युद्ध उभे केले नाही. लक्ष्मण राम-सीतेला त्यांच्याच गतायुष्याची चित्रे दाखवतो. ती चित्रे पाहून सीतेला पुन्हा वनात जाण्याची इच्छा होते आणि तीच इच्छा पुढे तिच्या त्यागाचे निमित्त ठरते. पूर्वकथेची स्मृती येथे केवळ उजळणी म्हणून येत नाही, ती नव्या शोकाचे बीज होते. शेवटी भवभूती परंपरागत अंत बदलून राम-सीतेचे मीलन घडवतो. पूर्वकथेवर निष्ठा ठेवूनही तिच्याशी मतभेद कसा करावा, याचा हा वस्तुपाठ आहे. 'राजी'च्या उत्तरभागाकडून चाहते अस्पष्टपणे जे मागत आहेत, ते नेमके हेच आहे. गोलूच्या शोधात ज्या मुलीने शस्त्र हाती घेतले, तिचे त्या शस्त्राने काय केले, हा पहिल्या भागाने मागे ठेवलेला खरा प्रश्न आहे. आणखी प्रबळ असुर उभा करून त्याचे उत्तर मिळणार नाही.

उत्तरभागाच्या नावानेही एक जबाबदारी अंगावर घेतली आहे. 'कलियुग' म्हटले की ऱ्हास, अंधार आणि भग्न नगरे यांचे चित्र उभे करण्याचा मोह होतो, आणि जागतिक बाजारपेठेत ते चित्र सहज खपतेही. मराठी भक्तिपरंपरेत मात्र या शब्दाला दुसरी बाजू आहे. भागवताच्या एकादश स्कंधात कृतादी युगांतील जनही कलियुगात जन्म इच्छितात, असे म्हटले आहे. कारण अन्य युगांत कठोर साधनांनी जे मिळते ते कलियुगात केवळ कीर्तनाने मिळते. याच स्कंधावर पैठणच्या एकनाथांनी आपली टीका रचली. पैठणला आरंभलेला तो ग्रंथ १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाला. म्हणजे कलियुग हे केवळ पतनाचे युग नसून सामान्यांच्या वाट्याला आलेले सोप्या वाटेचे युग आहे, अशी धारणा या भूमीत चार शतकांहून अधिक काळ रुजलेली आहे. सर्कशीतील एका सामान्य मुलीला नायिका करणाऱ्या कथेला ही धारणा किती जवळची आहे, हे वेगळे सांगायला नको. ती नजरेआड करून 'कलियुग' हा शब्द केवळ भीषण देखाव्याचे नाव म्हणून वापरला गेला, तर ती कल्पनेची गरिबी ठरेल.

यावर असा आक्षेप घेता येईल की, रसिकांनी निर्मात्याला अशा अपेक्षांनी जखडणे योग्य नव्हे. आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. उत्तरकथा ही मागणीतून जन्मते, आणि मागणीला शरण गेलेली उत्तरकथा पहिल्या कथेची फिकी पुनरावृत्ती होते. पण अपेक्षा आणि मागणी यांत फरक केला पाहिजे. मागणी 'तेच पुन्हा द्या' असे म्हणते; अपेक्षा 'त्याला साजेसे काही द्या' असे म्हणते. महेश एलकुंचवार यांच्या नाट्यत्रयीचे उदाहरण येथे बोलके आहे. १९८५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'वाडा चिरेबंदी'नंतर देशपांड्यांच्या वाड्याची तीच घुसमट पुन्हा दाखवणे सोपे होते. 'मग्न तळ्याकाठी'त मात्र त्याच घराला आलेली नवी समृद्धी आणि तिच्या तळाशी असलेली पोकळी दिसते, तर 'युगान्त'मध्ये वास्तववादाची चौकटच मागे पडते आणि दुष्काळाने ओसाड झालेल्या भूमीवर पराग आणि अभय बोलत राहतात. औरंगाबादच्या 'जिगीषा' या संस्थेतून पुढे आलेल्या चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ मध्ये 'आविष्कार'साठी ही तिन्ही नाटके सलग सादर केली, तेव्हा प्रत्येक उत्तरभागाने पूर्वभागाचा अर्थ कसा पालटला, हे प्रेक्षकांना एकाच बैठकीत अनुभवता आले. पूर्वभागाचे ऋण त्याची नक्कल करून फिटत नाही. त्याने अनुत्तरित ठेवलेल्या प्रश्नाला भिडल्यानेच ते फिटते.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण पुन्हा पैठणचेच आहे. एकनाथांचे 'भावार्थरामायण' युद्धकांडात अपुरे राहिले आणि परंपरेनुसार त्यांचा शिष्य गावबा याने ते पूर्ण केले. येथे निष्ठा इतकी होती की पुढल्या श्रोत्यांनी उभय भाग एकाच ग्रंथाचे म्हणून स्वीकारले. गावबाचे सातत्य आणि भवभूतीचे स्वातंत्र्य या दोन ध्रुवांच्या दरम्यान प्रत्येक उत्तरकथेला आपली जागा शोधावी लागते. व्हिडिओ गेम या नियमाला अपवाद नाही.

एक प्रश्न भाषेचाही आहे. पहिल्या भागातील पात्रे प्रथम इंग्रजीत बोलली. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजांची जोड मिळाली आणि दुर्गेचे निवेदन भारतीय भाषेत ऐकता आले. पुण्यात घडलेल्या खेळाच्या उत्तरभागात मराठीही ऐकू यावी, ही अपेक्षा अस्मितेच्या आग्रहातून आलेली मानण्याचे कारण नाही. आख्यान, कीर्तन, भारूड, गोंधळ यांनी घडवलेली निवेदनाची एक समृद्ध लय मराठीजवळ आहे. देवीने भक्ताला आपली कथा सांगण्याचा स्वर गोंधळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. तो स्वर या माध्यमाला मिळाला, तर लाभ केवळ भाषेचा नव्हे, खेळाचाही होईल. अर्थात, अनुवादाचा आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च लहान संस्थेला पेलणे कठीण असते, हेही मान्य केले पाहिजे. म्हणूनच हा प्रश्न निर्मात्यांपुरता राहत नाही. मराठीचे अध्ययन-अध्यापन करणाऱ्यांनी या माध्यमाकडे करमणूक म्हणून पाठ फिरवली, तर संहितालेखनासाठी, संवादांसाठी आणि चिकित्सेसाठी लागणारी माणसे येणार कोठून?

पदव्युत्तर वर्गात बसणारा आजचा विद्यार्थी निवेदक, कथनकाल, अंतर्कथा या संज्ञा कादंबरीच्या संदर्भात शिकतो आणि वर्गाबाहेर त्याच गोष्टी खेळाच्या रूपात अनुभवतो. दोहोंची सांगड घालण्याचे काम अद्याप व्हायचे आहे. 'राजी'च्या उत्तरभागाविषयी चाहते व्यक्त करीत असलेली काळजी परिभाषेने सजलेली नसेल, पण ती समीक्षाच आहे. शेवट का फसला, कथा कोणी सांगावी, पूर्वस्मृतीचे काय करावे, हे प्रश्न ते विचारीत आहेत. भवभूतीच्या अभ्यासकाला ते परके वाटू नयेत. 'कलियुग' हाती येईल तेव्हा त्यातील असुर किती भव्य आहेत हे मोजणारे पुष्कळ भेटतील. भिंतीवरील चित्रापाशी राजी अजूनही थांबते की नाही, आणि थांबून ऐकलेल्या कथेने तिच्यात काही बदलते की नाही, हे पाहणारा वाचक घडवणे मात्र साहित्याच्या वर्गाचे काम आहे.