अब्बांची खुर्ची पुन्हा अंगणात

अम्मी गेल्यापासून माहेरच्या अंगणाकडे कोणी पाहिलेच नव्हते. पूर्वी संध्याकाळी अब्बांची खुर्ची तिथे असायची. येणारा-जाणारा सलाम करून दोन मिनिटे टेकायचा. दोन वर्षांत न्हाणीघराच्या दुरुस्तीचा राडारोडा, फुटक्या कुंड्या आणि कमरेएवढे गाजरगवत यांनी ती जागा गिळून टाकली. खुर्ची आत आली आणि अब्बा टीव्हीसमोर. जूनच्या पहिल्या पावसानंतर आम्ही भावंडांनी ठरवले, आता पुरे.

सुरुवात अर्थातच साफसफाईने. राडारोड्यात हात घालण्याआधी काठीने ढिगारा हलवून घ्या. विंचू-साप अशाच जागी दडतात. गाजरगवताने अनेकांना खाज आणि दम्याचा त्रास होतो. म्हणून हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा. पावसाने जमीन मऊ झाली की ते मुळासकट उपटता येते. फुलावर येण्याआधी उपटले तर उत्तम. आमचे फुलले होते, म्हणून शेंडे न झटकता पोत्यात भरले. पडलेला पालापाचोळा मात्र जाळायचा नाही, तो पुढे लागतो.

जागा मोकळी झाली तशी माझी हौस वाढली. अंगण 20 फूट बाय 20 फूट. नर्सरीत लॉनच्या तयार चटया मिळतात, चौरस फुटावर भाव. मी म्हटले, सगळीकडे हिरवळच करू. अब्बांनी एवढेच विचारले, "बेटा, मे महिन्यात पाणी कोण घालणार?"

मी गणिताची शिक्षिका, हिशेब मांडला. 80 चौरस फुटांवर पाच मिलिमीटर पाणी द्यायचे तर साधारण 37 लिटर, म्हणजे तीन बादल्या. अख्ख्या 400 चौरस फुटांना पंधरा. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. मग ठरले, हिरवळ फक्त खुर्चीपुढे, 10 फूट बाय 8 फूट. बाकी जागेला आच्छादन.

आच्छादन म्हणजे मातीवर अंथरलेला वाळका पाला. आम्ही साठवलेला पाचोळा आणि शेतातले उसाचे पाचट वापरले. दोन ते तीन इंचांचा थर पुरतो. त्याखाली माती ओली राहते, तण कमी उगवते आणि पाला कुजून खत होतो. दोन गोष्टी सांभाळा: झाडाच्या खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवा, नाहीतर खोड कुजते, आणि घराच्या भिंतीलगत फूटभर पट्टा उघडा ठेवा, म्हणजे वाळवी आली तर दिसेल.

हिरवळीसाठी ऊन हवे; झाडाच्या दाट सावलीत ती विरळ होते. माती सहा इंच खणून, दगड काढून, चांगले कुजलेले शेणखत मिसळले. मग जागा सपाट केली, पण पाणी घरापासून दूर वाहील असा किंचित उतार ठेवला. इथे एक चूक झाली. चटया शुक्रवारी आल्या आणि आम्ही रविवारी अंथरल्या. गुंडाळलेल्या चटया आत तापतात. चार तर पिवळ्या पडल्या. जमीन तयार झाल्याशिवाय चटया मागवू नका आणि आलेल्या त्याच दिवशी लावा. विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवत अंथरा, फट ठेवू नका, पाट ठेवून दाबा आणि लगेच भरपूर पाणी द्या. पहिले दोन आठवडे माती सुकू देऊ नका आणि तोवर वर चालणे बंद. कोपरा हलकेच उचलून पाहा. उचलला गेला नाही तर मुळे धरली. पहिली कापणी त्यानंतरच, आणि तीही फक्त शेंड्याची.

आता अब्बा वुजू अंगणातल्या पायरीवर करतात. साबण नसलेले ते पाणी उतारावरून थेट हिरवळीला जाते. एका कोपऱ्यात अम्मीचा मोगरा निघाला, गवताखाली दबून गेलेला, पण जिवंत. त्याच्या बुंध्याभोवती पाचट अब्बांनी स्वतः घातले, चार बोटे सोडून.

परवा मी गेले तेव्हा शेजारचे चाचा पायरीवर बसले होते. अब्बांनी आत हाक दिली, "दोन चहा." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तीन."